दोघांची गादी

अंगणात गादी पसरली की पिंजारीण मावशी आधी तिच्यावर तळहात दाबायची. मग हात उचलून पडलेल्या खड्ड्याकडे बराच वेळ बघायची. बघून झालं की म्हणायची, "बरं. कळलं." काय कळलं ते विचारल्याशिवाय सांगायची नाही, आणि विचारलं तर इतकं सांगायची की उगाच विचारलं असं वाटावं.

लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी काढला आहे त्यांना गाद्यांचे हाल सांगायला नकोत. चार महिन्यांत कापसाच्या गाठी होतात, खोळीवर बुरशीचे ठिपके पडतात आणि सगळ्या घराला कुबट वास सुटतो. दसरा झाला की पिंजारी नवरा-बायको यायचे. नवरा खांद्यावर कापूस पिंजायची कमान घेऊन पुढे, बायको डोक्यावर गाठोडं घेऊन मागे. कमानीची तात वाजली की आमच्या रेल्वेच्या चाळीतल्या बायका गाद्या ओढत बाहेर आणायच्या. तो कापूस पिंजायचा. ती जुनी गादी उसवायची, पिंजलेला कापूस खोळीत भरायची आणि दाभणानं टाके घालायची. तो दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप. बाकीचे सगळे शब्द तिच्या वाट्याला आले होते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळ्या चाळीची ती मावशी.

पन्नाशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी, दात मिश्रीनं काळे झालेले. कापसाचे तंतू केसांवर आणि भुवयांवर बसायचे, त्यामुळे दुपारपर्यंत ती सत्तर वर्षांची दिसायला लागायची आणि संध्याकाळी तोंड धुतलं की परत पन्नासची व्हायची. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरात चहाला बोलवत नाही आपण त्यांना, पण घरातलं आपल्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

तिला गादीवरून माणसं कळायची. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोण रात्री उठून बसतं, कोणाचं पोर अजून मध्ये झोपतं, सगळं ती खोळ उसवायच्या आधी सांगायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि आपली पाळी आली की गोऱ्यामोऱ्या व्हायच्या.

खंडाळ्याच्या रस्त्याला एका बंगल्यात एक पेन्शनर राहायचे. साठी उलटलेली, तिसरेपणाची बायको तिशीतली. ते दर वर्षी मावशीला बोलावून सांगायचे, गादी नीट भरली गेली नाही, अजून कापूस घाल. एक वर्ष झालं, दोन वर्षं झाली, गादी कंबरेएवढी उंच झाली. कपाटात शक्तीच्या गोळ्यांच्या बाटल्यांची रांग लागली होती, ती हिनं येताजाता पाहिलेली. तिसऱ्या वर्षी हिनं हात जोडले आणि त्यांना सांगितलं, "सायेब, कापसाचा दोष न्हाई. बाईसंगं दोन शबुद बोलत जावा." पेन्शनर भडकले, हिला हाकलून दिलं. पुढच्या दसऱ्याला मात्र त्यांच्याकडून परत निरोप आला, आणि या वेळी गादीतला कापूस काढायला सांगितलं होतं. हा किस्सा ती नवऱ्यादेखत सांगायची आणि तो मान खाली घालून कापूस पिंजत राहायचा.

आता मी माझ्या घराकडे वळते, कारण तिची खरी ओळख मला तिथेच झाली. माझी साठी उलटून गेली आहे, त्यामुळे लाजण्याचं वय राहिलेलं नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मुलाला इथेच रेल्वेत नोकरी लागली होती आणि त्याचं लग्न माघात ठरलं होतं. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतली खोली मुला-सुनेला द्यायची हे उघडच होतं. आमच्याकडची रीत अशी की घरात सून आली की सासूसासऱ्यांनी अंथरुणं वेगळी करायची. सासऱ्यानं बाहेर ओसरीवर, सासूनं स्वयंपाकघरात. सुनेच्या जोडीनं सासूलाही दिवस गेले तर तोंड दाखवायला जागा राहत नाही, असं माझी आई म्हणायची आणि तिची सासूही तेच म्हणत आलेली. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. म्हणजे भीती अगदीच खोटी नव्हती.

पण खरं सांगायचं तर रीत हे निमित्त होतं. दोन वर्षांपासून माझं अंग माझं राहिलं नव्हतं. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी. भर थंडीत अंगाची आग व्हायची. झोप नाही. पूर्वी यांची पावलं दारात वाजली की मला बरं वाटायचं, आता ती वाजली की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. जवळ येणं नकोसं झालं होतं, दुखायचंही, आणि हे कोणाला सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. यांनी काही दिवस वाट पाहिली, मग विचारायचंच सोडलं. हे तारमास्तर होते. दिवसभर दुसऱ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे, स्वतःचा एकही कधी बोलून दाखवला नाही. आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्याचंच वाईट वाटायला लागलं, आणि त्याचा राग मी यांच्या डब्यावर, कपड्यांवर, वेळीअवेळी येण्यावर काढायला लागले. एका घरात राहून आम्ही दोघं हळूहळू परकी होत चाललो होतो. ते मला दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

म्हणून त्या वर्षी पिंजारी आले तेव्हा मी आमची लग्नातली दुहेरी गादी बाहेर काढली आणि मावशीला सांगितलं, हिच्या दोन एकेरी करून दे.

तिनं नेहमीसारखा तळहात दाबला, आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग मध्ये. गादीच्या दोन्ही कडांना खोल खड्डे होते आणि मध्ये कापूस गोळा होऊन उंचवटा झाला होता. ती म्हणाली, "बाई, तुमच्या दोगांच्या मदी ह्यो लोहगड कवा उभा ऱ्हायला?"

शेजारणी खिदळल्या. माझा पारा चढला. मी म्हटलं, तुला सांगितलंय तेवढं कर, काप ती.

तिनं कात्री हातात घेतली नाही. शेजारणींना आपापल्या कामाला लावलं, आणि मग मला विचारलं, मालकांनी सांगितलंय का? मी म्हटलं, त्यांना काय विचारायचंय, घरातलं मी बघते. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "एकेरी गादी एकाच्या शबदावर कापीन. ही दोगांची हाय. दोगांनी सांगायचं."

मी तिला सांगितलं की मग राहू दे, दुसऱ्या पिंजाऱ्याकडून करून घेईन. ती म्हणाली, घ्या. आणि तिथंच बसून शेजारच्या उशा उसवायला लागली. हिला उठवावं कसं ते मला कळेना. यांची ड्युटी दोनला सुटायची. म्हणजे दोनपर्यंत ती बया माझ्या दारात बसून राहणार होती.

दोन उशा झाल्यावर, कोणी विचारलेलं नसताना, तिनं सांगायला सुरुवात केली. कार्ल्याच्या एका दुकानदाराच्या बायकोनं हिला अशीच गादी कापायला सांगितली होती. पाच बाळंतपणं झालेली, सहावं नको म्हणून. हिनं कापली. नवरा बाजारावरून आला, दोन गाद्या पाहिल्या, आणि त्या दिवसापासून दुकानात झोपायला लागला. पुढच्या वर्षी ही त्यांच्याकडे गेली तर त्याची अर्धी गादी घातलेल्या घडीतच, कोरीच्या कोरी. बाई रडली. म्हणाली, मला पाळणा नको होता, माणूस नको नव्हता. मग दोन्ही गाद्या हिनं परत शिवून एक केल्या.

"जमलं मग?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"जमलं. पर मदला जोड टोचतो म्हनत्यात. तवापास्नं म्या एकाच्या शबदावर कापीत न्हाई."

मी तिला चहा दिला. आमच्या घरात पिंजाऱ्यांसाठी वेगळा पेला असायचा, दाराबाहेर कोनाड्यात. त्या दिवशी मी तो न घेता घरातला पेला दिला. असं का केलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिनं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर नीट करून चहा प्यायली.

मग तिनं स्वतःचं सांगितलं. पहिला नवरा ती एकवीस वर्षांची असताना पटकीत गेला. त्यानंतर एकोणीस वर्षं भावाकडे राहून शेतात राबली. त्या एकोणीस वर्षांत ती गोष्ट मनातून पुसून गेली होती, भूकच मेली होती, आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. चाळिसाव्या वर्षी भावानं हिचा निकाह या पिंजाऱ्याशी लावला. त्याचीही बायको वारलेली. हिला वाटलं, भाकरी करून घालायला बाई पाहिजे असेल. पहिले चार महिने त्यानं हिला बोटसुद्धा लावलं नाही. रोज संध्याकाळी हिच्या केसांतला कापूस मात्र बसून निवडायचा.

ती आवाज खाली आणून म्हणाली, "एकेक धागा काढायचा बगा. पाचव्या म्हैन्यात म्याच म्हनलं, आता बास झालं निवडणं." आणि अशी हसली की पलीकडे तिच्या नवऱ्याच्या कमानीचा ठेका चुकला.

माझ्याच्यानं हसू आवरलं नाही. मग कसं कोण जाणे, मी तिला माझं सगळं सांगून टाकलं. अंगाची आग, दुखणं, भिंतीकडे तोंड करून झोपणं. सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं ते दारातल्या पिंजारणीला सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली की हे सगळ्यांना होतं, तिलाही झालं, अंग कोरडं पडतं आणि मन त्याच्यामागोमाग पळ काढतं. घरात खोबऱ्याचं तेल आहे ना, मग लाजायचं काय. आणि घाई करू द्यायची नाही.

"आन न्हाईच वाटलं कवा, तर न्हाई म्हनायचं. पर पाठ फिरवून न्हाई, तोंड बगून म्हनायचं. आता माज्या मानसाचा दम जातो. ह्यो कापूस छातीत बसलाय त्येच्या. दोन वरसं झाली, आमचं तसलं काय न्हाई. आमी पायाला पाय लावून झोपतो. तेबी कमी न्हाई, बाई."

दोन वाजून गेल्यावर हे आले. मी आत गेले. मला वाटलं, आता ही बाई यांना सगळ्यांदेखत विचारते की काय. तिनं उठून डोक्यावरून पदर घेतला आणि एवढंच म्हणाली, मास्तर, बाई म्हणतात गादी कापायची, तुमी बोला. हे दारात जोडे काढत होते ते तसेच थांबले. म्हणाले, तिला हवं असेल तर कापा. मावशी म्हणाली, त्यांना काय हवं ते त्यांनी सांगितलं, तुमाला काय हवं ते इचारतीया मी.

हे आत आले. स्वयंपाकघरात मी उगाच डबे पुसत उभी होते. बाहेर कमान थांबली होती. मावशीनं ती मुद्दाम थांबवायला लावली होती, हे मला नंतर कळलं. लग्नाला चोवीस वर्षं झालेला माणूस, आणि पाहुण्यासारखा दाराची चौकट धरून उभा होता. शेवटी म्हणाले, "मला विचारशील तर नको कापायला. पण मला वाटलं, तुला मीच नकोसा झालोय."

मी डबा खाली ठेवला. म्हटलं, "ते नको झालं होतं. तुम्ही नको झाला नव्हता."

एवढंच बोलणं झालं. दोन वर्षं ते आमच्या दोघांच्याही तोंडात अडकून बसलं होतं. यांचे डोळे भरून आले. मी यांना रडताना फक्त एकदा पाहिलं होतं, यांची आई गेली तेव्हा. मी पुढे होऊन यांच्या सदऱ्याच्या बाहीला हात लावला, आणि आम्ही भरदुपारी स्वयंपाकघरात तसेच उभे राहिलो. मग यांनी बाहेर जाऊन मावशीला सांगितलं, कापू नका.

ती म्हणाली, "बरं. कळलं." आणि नवऱ्याला कमान सुरू करायला खुणावलं.

गादी भरताना तिनं एक वात्रटपणा केला. मध्ये कापूस जरा कमी भरला. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा टाके घालून झाले होते. मी विचारलं तर म्हणाली, आता घरंगळून मधेच याल, मला नावं ठेवू नका. मी ठेवली. पण परत उसवायला सांगितलं नाही.

पुढचं सगळं एका दिवसात झालं असं कोणी समजू नये. कित्येक दिवस आम्ही नुसते बोलत पडायचो. मी नाही म्हणायला शिकले, आणि यांचं तोंड बघून नाही म्हटलं की त्यांना राग येत नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. नाही म्हणता यायला लागलं तसं हो म्हणावंसंही वाटायला लागलं. विसाव्या वर्षीसारखं काही नव्हतं, आणि तसं व्हावं अशी माझी इच्छाही नव्हती. हे हळू होतं, त्यात थांबणं होतं, कधी मध्येच हसू येणं होतं. पंचेचाळिसाव्या वर्षी पाळी कायमची थांबली तेव्हा बाकीच्या बायका हळहळल्या. मला मात्र दिवस जायची भीती गेल्यामुळे मोकळं वाटलं. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

माघात सून आली. आतली खोली त्यांची, बाहेरची आमची. यांनी मधल्या दाराला आमच्या बाजूनं कडी बसवून घेतली. चाळीतल्या एका वयस्कर बाईंनी हळदीकुंकवाला मला ऐकवलंच की सासू झाल्यावर तरी पोच यायला हवा. मी त्यांना म्हटलं, पोच आलाय म्हणूनच कडी बसवली. त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिथेच बसलेली सून मात्र त्या दिवसापासून माझी झाली. काही वर्षांनी तिच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर ती उदास असायची, माझ्या मुलाला जवळ येऊ देत नसे, तेव्हा ती माझ्याशीच बोलली. मीही मावशीसारखी मध्ये तोंड न घालता ऐकलं.

मावशी दर दसऱ्याला येत राहिली. दर वर्षी तिच्या माणसाचा दम वाढलेला असायचा. कमानीवर हात थांबला की ती उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, पाणी द्यायची, आणि त्याच्या जागी बसून स्वतः पिंजायला लागायची. तिच्याशिवाय दुसऱ्या कुठल्या बाईनं कमान धरलेली मी पाहिली नाही. लढाईच्या तिसऱ्या वर्षी दसरा गेला, दिवाळी गेली, ते दोघं आले नाहीत. मला चैन पडेना. यांनी रजा टाकली आणि आम्ही दोघं गाडीनं मावशीच्या कामशेतला उतरलो. नदीपलीकडच्या वस्तीत विचारत विचारत तिचं घर गाठलं. दाराला कुलूप होतं.

शेजारच्या म्हातारीनं बसायला पोतं टाकलं आणि सांगितलं. डॉक्टरनं म्हणे स्पष्ट सांगितलं होतं की कापूस सोडला आणि कोरड्या हवेत नेलं तर हा माणूस आणखी काही वर्षं काढेल. त्याला धंदा सोडवेना, दुसरं काही येत नव्हतं. मग मावशीनंच कमान विकली. तिची एक बहीण लांब देशावर, कोरड्या मुलखात राहायची, तिकडे जायचं ठरवलं. आपल्या हातचं काम, लोकांच्या घरचा मान, सगळं सोडून साठीकडे झुकलेली ती बाई त्याच्याबरोबर निघाली. बैलगाडी सांगितली, सामान मागे न ठेवता पुढे कोंबलं आणि मागच्या जागेत गादी टाकली.

म्हातारीला अजून हसू येत होतं. "सकाळची येळ. समदी वस्ती बगाया गोळा झालेली. आन ह्ये दोगं गादीवर खेटून बसल्यालं. म्या म्हनलं, अगं, जरा सरकून बस की, चार मानसं बगत्यात. तर म्हनली कशी, एकोणीस वरसं एकली काढलीत मी, आता न्हाई सरकायची. आन न्हाईच सरकली बाई, गाडी वळणाआड जाईस्तवर."

गावाचं नाव म्हातारीला सांगता आलं नाही. तो माणूस तिकडे जगला की गेला, मावशी पुढे काय करत होती, मला कधीच कळलं नाही. तिचा निरोप घ्यायचा राहिला याची खंत मला आहे. पण त्या दिवशी परत फिरताना मी रडले नाही.

परतीच्या वाटेवर नदी उतरायची होती. पाणी घोट्याएवढंच होतं, पण दगड निसरडे. यांनी हात पुढे केला, मी धरला. पलीकडे आलो, वाट कोरडी झाली, तरी यांनी हात सोडला नाही. तेव्हा बायको नवऱ्याच्या चार पावलं मागून चालायची. समोरून भाताचे भारे घेतलेल्या तीन बायका येत होत्या. आमच्याकडे पाहून त्यांच्यातली एक थांबलीच. हे अवघडून सोडवायला गेले, तर मीच त्यांचा हात घट्ट धरला, आणि स्टेशन येईपर्यंत आम्ही तसेच चालत गेलो.